आखाजीला पोरांसाठी गोठवलेली आंबटगोड फळं: आपल्याकडच्या उन्हात कशी जमवायची?

तापीकाठची
नमस्कार मंडळी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही सगळ्या बहिणी माहेरी जमतोय, रावेर तालुक्यात. पोरंही भरपूर. सगळ्यात धाकटी भाची तीन वर्षांची, सगळ्यात मोठा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. त्यात एका भाच्याचा वाढदिवसही त्याच दिवशी आलाय. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया हे आई आणि काकू बघतात, तिथे आमची लुडबुड चालत नाही. पोरांचं दुपारचं खाणं मात्र माझ्याकडे दिलंय.

हल्ली मोबाइलवर सारखी ती गोठवलेली द्राक्षं दिसतात ना, वर रंगीत आंबटगोड साखरेचा थर असलेली, ती पोरांना हवी आहेत. मला ती नीट करायची आहेत, आणि जमलं तर आपल्याकडच्या केळ्यांचंही असंच काहीतरी करायचंय. केळीच्या गावात वाढदिवस आणि ताटात केळं नाही, हे मला पटत नाही.

अडचणी सांगते. वरची पावडर कोणती घ्यायची? घरात सासरकडची जैन मंडळीही येणार आहेत, त्यांना वर लावायची जेलीची पावडर चालेल का? दुपारी शेतातल्या झाडाखाली झोके बांधणार, म्हणजे घरापासून लांब, आणि ऊन ४३-४४ च्या खाली नसणार. लाइटीचा भरवसा नाही. माझ्या नणंदेने घरी एकदा करून बघितलं तर सगळी पावडर विरघळून ताटात पाक झाला होता, तो का झाला तेही कळलं तर बरं.

खलबत्ता
ताई, मी जळगावला मुलांच्या पार्ट्यांच्या ऑर्डरी घेते, त्यात ही द्राक्षं कायम असतात. नणंदेच्या पाकाचं कारण बहुतेक एकच असणार, द्राक्षं ओली होती. साखर पाणी ओढते. द्राक्षावर धुतल्याचं पाणी राहिलं की फ्रीजरमध्ये गोठायच्या आधीच साखर त्यात विरघळून खाली उतरते.

माझी पद्धत अशी. द्राक्षं देठातून तोडून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायची, मग साध्या पाण्याने दोनदा धुवायची. जुन्या सुती धोतरावर किंवा पंचावर पसरून पंख्याखाली ठेवायची. देठाच्या खाचेत पाणी अडकून बसतं, तिथे कापडाचं टोक लावून टिपायचं. फुटलेलं किंवा मऊ पडलेलं द्राक्ष बाजूला काढायचं, त्यातून रस झिरपतो आणि शेजारची चार खराब करतो. पूर्ण कोरडी झाली की मोठ्या भांड्यात घेऊन वर लिंबाचा रस, अर्धा किलोला एक लहान चमचा, त्याहून जास्त नाही. भांडं हलवलं की सगळ्यांना नुसता ओलावा लागतो. मग थोडी थोडी द्राक्षं पावडरमध्ये घोळवायची आणि स्टीलच्या ताटात बटर पेपरवर एकमेकांना न चिकटता पसरायची. एकावर एक ढीग नको. ताट फ्रीजरमध्ये तीन-चार तास, मग डब्यात भरली तरी चालतात.

आता खरी गोष्ट. सगळी पावडर पहिल्याच वेळी लावू नका, निम्मी राखून ठेवा. वाढायच्या वेळी द्राक्षं बाहेर काढली की बघा, मिनिटभरात सालीवर पांढरं धुकं धरतं आणि चकाकी जाते. हवेतली वाफ थंड सालीवर बसते ती. नेमकं तेव्हाच उरलेली पावडर भुरभुरवायची. ती आपोआप चिकटते आणि दाणा विरघळलेला नसल्यामुळे दाताखाली करकर वाजतो. लिंबू लागत नाही, काही लागत नाही.

द्राक्ष दगडासारखं टणक होईल ही भीती नको. त्यात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास, उरलेल्यात बहुतेक साखर, त्यामुळे घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांवरही आतला गर दाणेदार राहतो, चावता येतो. जितकं गोड द्राक्ष तितकं मऊ गोठतं. म्हणून हंगामाच्या शेवटी येणारी पिवळसर झाक असलेली सोनाका यासाठी हिरव्यागार कच्च्यापेक्षा चांगली. काळं शरद सीडलेसही छान लागतं.

सुवर्णनगरी
खलबत्ताताई, पावडर म्हणजे जेली क्रिस्टल्सच ना? आमच्याकडे जिलेटिन अजिबात चालत नाही. दुकानदार म्हणतो सगळी शाकाहारीच असते.

खलबत्ता
दुकानदारावर जाऊ नका, पाकीट वाचा. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होतं. शाकाहारी जेलीत त्याच्या जागी कॅरॅजीनन असतं, ते समुद्री शेवाळापासून काढतात. आधी हिरवा ठिपका बघायचा, मग घटकांची यादी. ४०७ क्रमांक म्हणजे कॅरॅजीनन, ४०६ अगर, ४४० पेक्टिन, ही तिन्ही वनस्पतीतलीच. आपल्याकडच्या किराणा दुकानात हिरव्या ठिपक्याची जेली सहज मिळते. परदेशातून कुणी पाकीट आणलं असेल तर मात्र जास्त काळजीने वाचा, तिकडे जिलेटिनच सर्रास असतं.

९० ग्रॅमचं पाकीट अर्धा किलो द्राक्षांना पुरतं. जेली शिजवायची नाही, कोरडी भुकटीच घोळवायची. त्यातली साखर आणि आंबटपणा एवढंच आपल्याला हवं असतं.

घरीही करता येतं. शंभर ग्रॅम साखर मिक्सरवर एक-दोनदाच फिरवायची, रवाळ राहिली पाहिजे. पिठीसाखर झाली तर लगेच ओली पडते. त्यात एक छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. लहान मुलं असतील तर अर्धाच. मी हेच जास्त वापरते कारण चव आपल्या हातात राहते.

पांझराकाठ
धुळ्याहून लिहितोय. माझं स्पष्ट मत आहे की फळं आधीच गोड असतात, त्यावर साखर थापून पोरांना सवय लावायची काय गरज? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवा, ५ टक्क्यांखाली राहिली तर अधिक चांगलं. त्या दिवशी पोरं आमरस आणि पुरणपोळीही खाणार आहेत.

तापीकाठची
दादा, मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच मला पातळ थर हवाय. एरवी त्या दुपारी पोरांच्या हातात दुकानातल्या रंगीत पेप्सीकोला आणि कुल्फ्या असतात. त्यापेक्षा मूठभर द्राक्षं आणि केळ्याचे काप बरे, असा माझा हिशेब आहे. सणाच्या दिवशी नुसती धुतलेली द्राक्षं ठेवली तर पोरं ढुंकून बघणार नाहीत.

बोरकूट
पांझराकाठदादांचं आणि ताईंचं दोघांचं समाधान होईल असं सांगते. साखरेचा थर निम्म्यावर आणा आणि उरलेली चव आपल्या आंबट भुकट्यांवर सोपवा. माझ्याकडे तीन ठरलेल्या आहेत.

एक, बोरकूट. घरचं वाळवलेल्या बोरांचं असेल तर उत्तमच, नाहीतर जळगावच्या बाजारात मिळतं. बारीक चाळणीने चाळून घ्यायचं, त्यात चिमूटभर मीठ, थोडी रवाळ साखर. काळ्या द्राक्षांवर हे इतकं चांगलं लागतं की मोठी माणसंही ताटाभोवती रेंगाळतात.

दोन, आमचूर. नंदुरबारच्या बाजारात धडगावकडचं सातपुड्यातलं येतं, ते घ्या. वास घेतला की कळतं. एक भाग आमचूर, चार भाग साखर असं मिसळायचं. हिरव्या द्राक्षांना हे लावायचं.

तीन, मोठ्या पोरांसाठी नंदुरबारच्या लाल मिरचीची अगदी कणभर पूड, काळं मीठ आणि साखर. हे कैरीच्या आणि अननसाच्या तुकड्यांवर. छोट्यांचं ताट वेगळं ठेवा, मिरचीचा हात डोळ्याला लागतो.

रंग हवा असेल तर बीट किसून कडक उन्हात वाळवा आणि दळा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात कीस फार लवकर कडकडीत होतो. साखरेत चमचाभर घातला की छान गुलाबी.

आई_दोघांची
रंगाचं बोलणं निघालंच आहे तर एक विनंती. सुट्या पुड्यांतला रंग कृपा करून घेऊ नका. पुडीवर नाव नाही, परवाना क्रमांक नाही, कपड्याचा आहे की खाण्याचा कळत नाही. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि पुद्दुचेरीत बुढ्ढी के बालमध्ये रोडामाइन-बी सापडलं म्हणून बंदी आली होती, मग कर्नाटकानेही रंगीत बुढ्ढी के बाल बंद केले. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग आहे. आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात.

आता माझं मुख्य म्हणणं, आणि हे सगळ्यांनी वाचाच. ताईंकडे तीन वर्षांची भाची आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, गोठवलेलं तर मुळीच नाही. द्राक्षाचा आकार नेमका लहान मुलाच्या श्वासनलिकेत घट्ट बसण्याजोगा असतो, साल गुळगुळीत असते, आणि गोठल्यावर ते दबतही नाही. उभं कापून चार फाका करायच्या. आडवं कापलं तर चकती गोलच राहते, त्याने धोका जात नाही. फाका करूनच पावडर लावा आणि गोठवा, गोठल्यावर सुरी घसरते. फाका वाढताना दोन मिनिटं बाहेर ठेवून मऊ पडू द्या. वर सजावटीला कडक गोळ्या चुरून घालतात, त्यांचे खडेही या वयाला नकोत.

आणि झोक्यावर खाणं नाही! आखाजीला पोरं झोक्यावरून उतरतच नाहीत. तोंडात द्राक्ष आणि झोका उंच गेलेला, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं तरी धस्स होतं. सतरंजी अंथरा, सगळ्यांना बसवा, खाऊ संपला की मग झोका.

कुणाच्या घशात अडकलंच आणि मूल खोकू शकत नसेल, आवाज निघत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळव्याने पाच जोरकस थापा. निघालं नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. दुसऱ्या माणसाने तेवढ्यात १०८ लावायचा. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत, त्याला पालथं धरून पाठीवर थापा आणि मग छातीच्या मधोमध दाब देतात. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो.

तापीकाठची
आई_दोघांची, मनापासून आभार. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. सतरंजी नक्की.

केळीबाग
केळ्याचं मी सांगतो, घरची बाग आहे, यावल तालुक्यात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा ताई, तुमच्या ताटात केळं हवंच.

केळं पूर्ण पिवळं आणि सालीवर बारीक तपकिरी ठिपके आलेलं घ्या. तेव्हा स्टार्चची साखर झालेली असते. हिरवट टोकाचं केळं गोठवलं तर चिकट आणि तुरट लागतं. कार्बाइडवर पिकवलेलं नको, त्यावर बंदीच आहे. रायपनिंग चेंबरमधलं इथिलीनवर पिकलेलं चालतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. कच्चा घड झाडावर पिकताना फळ जो वायू सोडतं तोच हा.

सालीसकट फ्रीजमध्ये कधीच ठेवू नका. १३ अंशांखाली केळ्याची साल काळी पडते, आणि गोठली की सोलताही येत नाही. सोलून अंगठ्याएवढे जाड काप करा, लिंबाच्या पाण्यातून काढून टिपा. लिंबाने काप लवकर काळा पडत नाही. ताटात सुटे सुटे पसरून आधी नुसतेच गोठवा, दोन-तीन तास.

केळ्याला साखरेची पावडर धरत नाही, कापलेल्या बाजूला ओल सुटत राहते. त्याला चॉकलेटच लावायचं. डार्क किंवा साधं कंपाउंड चॉकलेट गरम पाण्यावरच्या वाटीत वितळवा, शंभर ग्रॅमला दोन लहान चमचे खोबरेल घाला, खाण्याचं. त्याने चॉकलेट पातळ होतं आणि थंड कापावर पडल्या पडल्या कडक पापुद्रा धरतो. त्यावर लगेच भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, तीळ किंवा चुरलेल्या गोळ्या. लगेच म्हणजे खरंच लगेच. एकाने बुडवायचं आणि दुसऱ्याने भुरभुरवायचं असं दोघांनी करा, एकट्याला पुरत नाही. परत तासभर फ्रीजरमध्ये.

गोठलेलं केळं आतून आइस्क्रीमसारखं होतं. दूध नाही, साय नाही, तरी पोरांना ओळखू येत नाही.

खलबत्ता
केळीबागदादा, चुरलेल्या गोळ्यांबद्दल माझी भर. रावळगावच्या गोळ्या चांगल्या चुरतात, मूळ कारखाना आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातला, म्हणून आमच्याकडे लहानपणापासून त्याच. मँगो मूडचा चुरा चॉकलेटवर अप्रतिम. गोळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून लाटण्याने ठोका. मिक्सरमध्ये घातल्या तर पातं तापतं आणि सगळं चिकटून बसतं. चुरा बारीक हवा, खडा राहिला तर गोठलेल्या केळ्यावर दात दुखतो.

सातपुडा_वारा
आम्हना घरमा बी पोरे दिनभर हाईच मांगतस! ताई, तुम्ही बठं करा आनि फोटू टाका. भू मज्या येई.

पोरगा_भुसावळचा
मला ते काचेसारखं कवच असतं ना, कडकन फुटणारं, ते करायचंय. स्ट्रॉबेरीवर करतात ते. गोठवलेल्या द्राक्षावर गरम पाक ओतला तर चालेल का?

अमळनेरी
बाळा, आधी एक वचन दे की मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय हे करणार नाहीस. आमच्या घरात चिक्की आणि साखरेच्या पाकाचं काम पिढ्यांपासून आहे. हा पाक १५० अंशांपर्यंत जातो, उकळत्या पाण्याच्या दीडपट. शिवाय तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, त्वचेला चिकटून तिथेच भाजत राहतो. शेजारी थंड पाण्याचं मोठं पातेलं ठेवायचंच. पोळलं तर हात लगेच त्यात, वीस मिनिटं.

तू विचारलंस ते करू नकोस. गोठलेल्या फळावर दव असतं, गरम पाकात बुडवलं की ते तडतडून उडतं. वरून कवच बसलं तरी फळ बाहेर आल्यावर आतल्या थंडीने त्यावर पाणी धरतं आणि थोड्या वेळात कवच चिकट. पाकाचं कवच साध्या, कोरड्या, घरातल्या तापमानाच्या फळाला. गोठवलेल्याला पावडर किंवा चॉकलेट. हे दोन मार्ग वेगळेच ठेवायचे.

कृती सांगते. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, लिंबाचे चार-पाच थेंब. लिंबाने साखर परत दाणेदार होत नाही. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं, उकळी आली की चमचा बाजूला. मधेच ढवळलं की कडेचा एक कण आत पडून सगळा पाक साखरतो. एकतारी जाईल, गोळीबंद जाईल, थांबायचं नाही. थंड पाण्यात थेंब टाकल्यावर तो कडक होऊन वाटीच्या तळाला टणकन वाजला आणि दाताखाली चिकटला नाही, की झाला. रंग किंचित पिवळसर व्हायला लागला की गॅस बंद. लांब काडीला टोचलेलं फळ तिरकं धरून फिरवायचं, जादा पाक निथळू द्यायचा, तुपाचा हात लावलेल्या ताटात ठेवायचं. पातळ थर हवा, जाड झाला तर दाताला लागतो.

ही चीज मूळची उत्तर चीनची. तिकडे हिवाळ्यात काडीला लालचुटूक आंबट फळं टोचून त्यावर असा पाक चढवतात आणि रस्त्यावर विकतात. थंड कोरडी हवा असते म्हणून कवच टिकतं. आपल्याकडे ऊन कडक असलं तरी मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून सावलीत हे कवच बऱ्यापैकी तग धरतं. श्रावणात करायला जाल तर ताटातच ओलं होईल.

पोरगा_भुसावळचा
धन्यवाद काकू, आईसोबतच करेन.

तापीकाठची
आता शेतावर न्यायचं कसं ते सांगा कुणीतरी. फ्रीजर छोटाच आहे, तोही लाइट गेली की गेला.

पांझराकाठ
हे माझ्या कामाचं आहे, आमच्याकडे लग्नसराईत पॉट आइस्क्रीमचं काम चालतं. तीच युक्ती वापरा. तीन भाग बर्फाचा चुरा, एक भाग खडे मीठ. मिठाने बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मिश्रण उणे १८ च्या आसपास जातं, म्हणजे तुमच्या फ्रीजरएवढंच थंड.

थर्माकोलची मोठी पेटी घ्या. तळाला बर्फ-मीठ, त्यावर घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, मग चारही बाजूंनी आणि झाकणावर परत बर्फ-मीठ. डब्याच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावा, खारं पाणी आत शिरलं की सगळं गेलं. पेटीला बाहेरून ओला गोणपाट गुंडाळा आणि झाडाच्या सावलीत ठेवा. डबे भरायच्या आधी रिकामेच फ्रीजरमध्ये गार करून घ्या. पेटी सारखी उघडायची नाही. एका डब्यात एका वेळचा खाऊ, असे वेगळे डबे भरा, म्हणजे एक काढला तरी बाकीचे गारच राहतात.

पोरांना त्या मिठाच्या बर्फात हात घालू देऊ नका, एवढ्या थंडीने कातडी भाजल्यासारखी होते.

बर्फाचीही गोष्ट सांगतो. कारखान्याच्या लादीचा बर्फ बऱ्याचदा पिण्याच्या पाण्याचा नसतो. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देणं बंधनकारक आहे. पेटीत भरायला तो चालतो, फळांना किंवा सरबताला लागता कामा नये. बर्फ हाताळलेले हात धुऊनच डबा उघडायचा.

घरच्या फ्रीजरसाठी एक, तो रिकामा ठेवू नका. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवा. लाइट गेली तरी दार बंद असेल तर भरलेला फ्रीजर बराच जास्त वेळ गार राहतो. त्याच बाटल्या पेटीतही घालता येतील.

सुवर्णनगरी
कलिंगड, पपई, आंबा यांचं काय? पपई तर घरची आहे.

खलबत्ता
आंबा चालतो, पण पिकून मऊ झालेला नको, किंचित कडक असतानाच चौकोनी तुकडे करा. कलिंगडात पाणीच फार, घरच्या फ्रीजरमध्ये हळू गोठतं, बर्फाचे मोठे खडे होतात आणि त्याने गराच्या पेशी फाटतात. वितळायला लागलं की चोथा. तरी पूर्ण गोठलेलंच खाल्लं तर उन्हात चांगलं वाटतं, बोरकूटताईंची मिरची-मीठ भुकटी लावा. पपई नको. वास उग्र होतो आणि गर लिबलिबीत. ती साधीच कापून वाढा. डाळिंबाचे दाणे मात्र करून बघा, सटाण्याकडचे मोठे लाल दाणे रवाळ साखरेत घोळवून गोठवले की पोरं चमच्याने खातात. तीन वर्षांच्या भाचीला मात्र ते नकोत.

तापीकाठची
मंडळी, आखाजी झाली, सांगायला आलेय.

काळी द्राक्षं बोरकुटात, हिरवी लिंबाच्या साखरेत, केळ्याचे काप चॉकलेट आणि शेंगदाण्याच्या कुटात केले. द्राक्षं रात्रीच कापडावर पसरून ठेवली होती. निम्मी पावडर राखून वाढताना घातली, करकर अगदी खलबत्ताताईंनी सांगितली तशीच. लाइट सकाळीच गेली ती दुपारी चारला आली, पण मिठाच्या बर्फातले डबे शेवटपर्यंत कडक. पहिला डबा उघडला तेव्हा स्टीलवर पांढरा बर्फ साचला होता आणि पोरं तो बोटाने खरवडत बसली, द्राक्षं राहिली बाजूला. सतरंजीवर बसल्याशिवाय कुणाला दिलं नाही. भाचीला उभ्या फाका दिल्या, तिने बोरकुटाच्या बोटांनी सगळा फ्रॉक रंगवला.

जेली पावडरीचं पाकीट आणलं होतं, ते तसंच उरलं. बोरकुटाचं ताट आधी संपलं. जैन मंडळींनी पाकीट वाचायचीही वेळ आली नाही. माझी आई, जिला आइस्क्रीमही दातांना सोसत नाही, तिने केळ्याचे काप थोडे मऊ पडू देऊन खाल्ले आणि कृती विचारली.

उरलेलं चॉकलेट घट्ट झालंय, ते परत वितळवून चालेल ना?

केळीबाग
चालेल. फक्त पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, नाहीतर ते दाटून गोळा होतं. केळ्याचे कण पडले असतील तर गाळणीतून काढा आणि आठवड्याच्या आत वापरा.

बोरकूट
ताई, वाचून फार बरं वाटलं. थंडीत पुन्हा हा धागा वर काढा. मेहरूणची बोरं बाजारात आली की अमळनेरीकाकूंचा पाक त्यावर करायचा. छोटं, आंबटगोड, पातळ सालीचं फळ, चीनमधल्या त्या काडीवरच्या फळाला आपल्याकडे याच्याइतकं जवळचं दुसरं नाही. कापावं लागत नाही म्हणून ओल सुटत नाही.

अमळनेरी
नक्की. बोरं किंचित पिवळी, कडक अशी निवडा, लाल पडलेली मऊ असतात, काडी टोचली की फाटतात. धुऊन रात्रभर वाऱ्यावर ठेवायची. आत बी असते, म्हणून ही फक्त मोठ्या पोरांना.